ट्यूब बदलून रिमचा गंज जात नाही



माझ्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या डाव्या चाकात वर्षभरात तीन ट्यूबा गेल्या. पहिली पावसाळ्यात, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी होळीच्या आठवड्यात. दर वेळी तेच. संध्याकाळी हवा भरायची, सकाळी बघतो तर चाक निम्मं बसलेलं. पंक्चरवाल्याकडे न्यायचं, तो ठिगळ लावायचा, आठ-पंधरा दिवस बरे जायचे आणि ठिगळाच्या शेजारीच नवं भोक पडायचं. मग तो म्हणायचा, "भाऊ, ट्यूबच कुजली, नवी टाका." टाकली.

चौथ्या वेळी दुकानात गेलोच नाही. चाक अंगणात उतरवलं, टायर रिमवरून पूर्ण काढला. आत जे दिसलं ते बघून माझीच मला लाज वाटली. रिमच्या मधल्या खोलगट भागात गंजाचे पोपडे साचलेले. झाडून गोळा केले तर ओंजळभर निघाले. काही नखाएवढे मोठे, कडा ब्लेडसारख्या. निपल बाहेर येतं त्या भोकाची कड करवतीच्या दात्यांसारखी झालेली. म्हणजे तीनही ट्यूबा काट्याने गेल्या नव्हत्या, माझ्याच रिमने खाल्ल्या होत्या. आणि मी वर्षभर बांधावरच्या हिवराला आणि बाभळीला शिव्या देत होतो.

तेव्हापासून गावात, शिवारात ज्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे त्यांना विचारत सुटलोय. ट्यूब किती बदलल्या, हे सगळ्यांना आठवतं. रिम शेवटची कधी साफ केली, या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण औषध चुकीच्या जागी लावतोय. पंक्चरवाल्याचा दोष नाही. त्याच्याकडे चार गाड्या थांबलेल्या असतात, आपण डोक्यावर उभे असतो, "लवकर कर रे, बागेत मजूर बसले आहेत" म्हणत असतो. तो ट्यूब दुरुस्त करतो, कारण आपण त्याला तेवढंच काम सांगतो.

आता हे आपल्याकडे इतकं का होतं ते बघू. यावल-रावेर पट्ट्यात छोटा ट्रॅक्टर आला तो केळीमुळे. पाच बाय पाच किंवा सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, हा शिरतो. पण केळीची बाग म्हणजे बारा महिने ओल. ठिबक चालू, सावली दाट, खाली पाचटाचं आच्छादन. चाक कधी कोरडं होतच नाही. गव्हा-हरभऱ्यात चालणारा ट्रॅक्टर चार महिने तरी उन्हात कोरडा उभा असतो. आपला नसतो.

त्यात आपण त्याच्यावरून काय वाहतो ते आठवा. युरिया, पोटॅश, शेणस्लरीची टाकी, फवारणीचा पंप. पांढरं किंवा लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. पोत्यावर ६० टक्के पालाश लिहिलेलं असतं ते आपण वाचतो, पण त्या पोत्याच्या वजनात निम्म्याच्या जवळपास क्लोराईड असतं ते कुठे ठळक लिहिलेलं नसतं. क्लोराईड म्हणजे आपल्या मिठातलंच. मिठाच्या पाण्याने लोखंड किती लवकर गंजतं ते कोणाही बाईला विचारा, लोणच्याच्या बरणीला लोखंडी झाकण कोणी लावत नाही. केळीला पालाश भरपूर लागतं, म्हणून आपल्या ट्रॅक्टरवर हे मीठही भरपूर सांडतं. एक पोतं फुटलं, थोडं खत चाकावर पडलं, रात्री दव पडलं, झालं काम सुरू.

गंजाची आणखी एक खोड आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो, पोपडा सुटतो, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजायला लागतं. रंगाच्या खालूनच हा प्रकार चालतो. बाहेरून चाक चकचकीत, पोळ्याला नाही पण दसऱ्याला हार घातलेलं, आणि आत पोखरलेलं.

तिसरं कारण पाण्याचं. चाक घसरू नये म्हणून आपण मागच्या टायरमध्ये पाणी भरतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ट्यूबला बारीक भोक पडलं की ते पाणी ट्यूब आणि रिमच्या मध्ये उतरतं आणि तिथेच बसून राहतं. वर ते बोअरचं जड पाणी, ज्याने आपल्या माठाला पांढरा थर चढतो. थंड देशात हे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड विरघळवायची जुनी रीत आहे. तिकडच्या शेतकऱ्यांच्या रिमा याच मिठाने कुजतात आणि तेही आपल्यासारखेच वैतागतात. आपल्याकडे यावलात पाणी गोठायची भीती नाही, तेव्हा कोणी व्हिडिओ बघून टायरच्या पाण्यात मीठ-बीठ टाकायला सांगितलं तर टाकू नका. साधं पाणी पुरे, आणि तेही शक्यतो गोडं.

गळती कुठून आहे ते शोधायची एक साधी पद्धत आहे. ती आपण वापरत नाही म्हणून एवढा घोळ होतो. ट्यूब काढायच्या आधी टायरवर निपलच्या समोर खडूने खूण करायची, आणि टायरची बाहेरची बाजू कोणती त्याचीही खूण करायची. मग ट्यूब फुगवून पाण्याच्या टाकीत धरायची. बुडबुडे आले ती जागा बघायची आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. भोक ट्यूबच्या कोणत्या अंगाला आहे? जमिनीकडच्या अंगाला असेल तर काटा, खिळा किंवा पऱ्हाटीचा खुंट. कपाशी नि तुरीचे खुंट छोट्या टायरला काट्यापेक्षा वाईट, हे ज्यांनी कपाशीच्या रानात ट्रॅक्टर घातला त्यांना सांगायला नको. अशा वेळी खुणेवरून टायरमधली तीच जागा हाताने नाही, फडक्याने चाचपायची. काटा अजून तिथेच असतो आणि नव्या ट्यूबची वाट बघत असतो.

पण भोक आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, किंवा निपलच्या बुडाशी चीर असेल, तर काट्याचा संबंध नाही. तिथे रिमच गुन्हेगार. माझ्या तीनही ट्यूबा नंतर माळ्यावरून काढून बघितल्या. दोन ट्यूबांना आतल्या अंगाला भोकं, एकीचं निपल बुडातून फाटलेलं. हे मी पहिल्याच वेळी बघितलं असतं तर दोन ट्यूबांचे पैसे वाचले असते.

चाक न खोलताही काही गोष्टी दिसतात. निपलच्या भोकातून रिमवर लाल-तपकिरी धार उतरलेली दिसली की समजायचं, आत पाणी आहे आणि गंज धरला आहे. निपल सरळ उभं नसून एका बाजूला तिरकं झालं असेल तर टायर रिमवर सरकलाय आणि त्याच्याबरोबर ट्यूबही ओढली गेली आहे. हे हवा कमी ठेवून ओढकाम केल्याने होतं, आणि गंजाचे पोपडे सुटून टायरची तार जिथे बसते ती जागा ढिली झाली की आणखी लवकर होतं. असं निपल आज ना उद्या बुडातून तुटणारच. आणि सगळ्यात आधी निपलच्या पिनेवर थुंकी नाहीतर साबणाचं पाणी लावून बघा. कितीदा पंधरा-वीस रुपयांची पिन सैल असते आणि आपण अख्खं चाक उतरवतो. टोपी म्हणून तर निपलवर राहतच नाही. ती लावा, धूळ-चिखल जात नाही.

एक गोष्ट मात्र गळती नसते आणि आपण तिला गळती समजतो. हवा तापली की दाब वाढतो, गार झाली की उतरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. त्या दुपारी मागच्या टायरात १४ पौंड हवा भरली, तर डिसेंबरच्या पहाटे पारा १० वर आला की एक कणही न गळता ती ११ च्या आसपास दिसेल. म्हणून हवा नेहमी सकाळी, चाक गार असताना मोजायची. मोजायची म्हणजे मीटरने. टायरला लाथ मारून हवा कळते हा आपला समज फार जुना आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. मागच्या ऑगस्टमध्ये मृगबागेची कापणी चालू होती. व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी, मजूर घड कापून बाहेर काढताहेत, आम्ही ट्रॉलीत घड भरून गाडीपर्यंत आणतोय. सकाळीच दिसलं होतं की डावं चाक बसलंय. पण गाडी थांबली होती, त्या दिवशीचा भाव बरा होता, मी सालदाराला म्हटलं, "चल, एवढ्या खेपा होऊ दे, दुपारी बघू." तिसऱ्या खेपेला चारी ओलांडताना तो डावीकडचा टायर पार दबला, ट्रॅक्टर त्या बाजूला कलला आणि ट्रॉलीने मागून रेटलं. सालदार उजवीकडे उडी मारून सुटला. ट्रॅक्टर उलटला नाही, चारीच्या काठाला टेकून राहिला. बरेच घड खरचटले, ते व्यापाऱ्याच्या माणसाने बाजूला काढले, ते ठीक आहे. पण तो पोरगा बाविशीतला आहे, मागच्याच उन्हाळ्यात लग्न झालंय. त्या रात्री मला झोप आली नाही.

छोटा ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणूनच तो केळीत चालतो आणि म्हणूनच तो लवकर कलतो. दोन्ही चाकांतल्या हवेत फरक असेल तर आधीच तो एका बाजूला झुकलेला असतो. बांध, चारी, उतार आला की उरलेलं काम ट्रॉली करते. तेव्हा बसलेलं चाक हा पंक्चरच्या खर्चाचा विषय नाही. गड्याला ब्रेक नसलेल्या गाडीवर बसवायला आपण तयार होणार नाही, पण निम्म्या हवेच्या चाकावर रोज बसवतो. मीही बसवत होतो.

दुरुस्ती मी कशी केली ते सांगतो. पहिल्यांदा हात घातला तेव्हा एका चाकाला जवळपास दिवस गेला, दुसऱ्याला अर्धा. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर उभा केला, बाकीच्या चाकांना दगडांची ओट लावली, जॅकखाली फळी टाकली आणि जॅकच्या भरवशावर न राहता एक्सलखाली लाकडी ठोकळे रचले. पाणी भरलेलं चाक एकट्याने उतरवू नका, ते अंगावर येतं. आधी पाणी काढा. निपल खाली आणून पिन काढली की बरंचसं निघून जातं. पिन काढून हवा पूर्ण गेल्याशिवाय टायरला टामी लावायची नाही, हे पंक्चरवाल्याला सांगायची गरज नसते, आपल्याला असते.

टायरची तार गंजाने रिमला चिकटलेली असते. तिथे घण घालून टायर फाडू नका. साबणाचं पाणी कडेने सोडत, टामीने थोडं थोडं चहूबाजूंनी उचकटत गेलं की सुटतं. डिझेल-ऑईल ओतू नका, रबर फुगतं आणि कुजतं.

टायर निघाल्यावर रिम आधी हातोडीने हलक्या हाताने ठोकून घेतली, सैल पोपडे गळून पडले. मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सगळा खोलगट भाग आणि टायरची तार बसते त्या दोन्ही कडा घासल्या. चष्मा घाला. तारेचे तुकडे डोळ्यात जातात, मी चष्मा न घालता सुरुवात केली आणि पाच मिनिटांत अक्कल आली. घासून झाल्यावर रिमची खरी तब्येत कळते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खड्डे दाबून बघायचे. टोक आत घुसलं, किंवा नटांच्या भोकांभोवती तडा दिसला, तर ती रिम गेली. तिच्यावर रंग लावून स्वतःला फसवू नका, त्याच मापाची दुसरी रिम बघा. जुनी घेतलीत तर टायरवरचं माप आणि नटांच्या भोकांचं अंतर दोन्ही जुळवूनच घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरना मागे ८-१८ आणि पुढे ५.२०-१४ असा टायर असतो, पण सगळ्यांना नाही.

खड्डे वरवरचे असतील तर पॉलिश पेपर मारून, पाण्याने धुऊन, उन्हात खणखणीत वाळवायचं. धुणं महत्त्वाचं, कारण खताचं मीठ खड्ड्यात राहिलं तर रंगाखाली परत गंज धरतो. मग रेडऑक्साईडचे दोन हात, मध्ये नीट वाळू द्यायचं, आणि वर ऑईल पेंट. निपलच्या भोकाची कड गोल कानशीने आतून-बाहेरून गुळगुळीत करायची, बोट फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. ही दहा मिनिटांची गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त ट्यूबा तीच वाचवते.

मी आणखी एक केलं. जुन्या फाटलेल्या ट्यूबची लांब पट्टी कापून रिमच्या खोलगट भागावर सगळीकडून बसवली, निपलपुरतं भोक ठेवून. ट्रकच्या टायरात ट्यूबखाली रबरी पट्टा असतो, त्याचंच हे गावठी रूप. पट्टीला घडी पडली तर तीच ट्यूबला कापते, तेव्हा ती सपाट बसत असेल तरच टाका, नाहीतर राहू द्या. ट्यूबला आणि टायरच्या आत संगजिऱ्याची पूड मारली. ट्यूब थोडी फुगवून बसवली, हवा भरली, सगळी हवा पुन्हा सोडली आणि मग परत भरली. मधल्या सोडण्याने ट्यूबला पडलेल्या घड्या सुटतात.

हवा भरताना टायर रिमच्या कडेला टक्कन बसतो. तो बसत नाही म्हणून हवा वाढवत नेणं हा जिवाशी खेळ आहे. ट्रॅक्टरच्या टायरला कड बसवताना ३५ पौंडांच्या वर जाऊ नये. नाही बसला तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा भरा. समोर वाकून बघत राहू नका, बाजूला उभे राहा. बसल्यावर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा दिलाय तिथे हवा आणा. पुष्कळ दुकानांत छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला सरसकट ३० भरतात. मग तो दगडासारखा कडक होतो, मधूनच झिजतो आणि जमीनही दाबतो.

एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची आहे. रिमला भोक किंवा तडा आहे म्हणून टायर चढवलेला असतानाच वेल्डिंग करून घेणं, हे आपल्या भागात सर्रास चालतं. हवा सोडली म्हणजे झालं असं समजतात. तसं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं रबर तापतं, त्यातून पेट घेणारा वायू निघतो, तो टायरच्या पोटात साठतो आणि बाँबसारखा फुटतो. पिन काढलेली असली तरी फुटतो. जगभर माणसं यात गेली आहेत. टायर रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय वेल्डिंगचा दांडा जवळसुद्धा आणू देऊ नका. वेल्डर कितीही ओळखीचा असू दे, "अरे दादा, पाच मिनिटांचं काम आहे" म्हणू दे.

तसंच ते पेट्रोल शिंपडून काडी लावायचं आणि भडक्याने टायर बसवायचं. मोबाईलवर बघायला मजा वाटते. तुमच्याकडे ट्यूबलेस टायर असेल आणि तो बसत नसेल, तर टायरच्या भोवती दोर किंवा पट्टा आवळा, कडा रिमला टेकतात आणि साध्या कंप्रेसरने बसतो. ट्यूबलेसमध्ये गंजाचा त्रास आणखी सरळ आहे, तिथे टायरची कड आणि रिम यांच्या मधूनच हवा जाते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. उपाय तोच, घासा आणि रंगवा. रिम फारच खड्ड्याखड्ड्यांची असेल तर आत ट्यूब टाकून घ्या, आपल्या वेगाला चालतं. पण ट्यूब टाकायची तरी गंज काढूनच, नाहीतर माझ्यासारखं होईल.

शेजारच्या आबांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "तू बी काय खटाटोप करू ऱ्हायला! नवी ट्यूब टाक अन् मोकळा हो. दिवस कोनाले आहे?" त्यांचं चूक नाही. कापणीच्या दिवसांत अर्धा दिवस महाग असतो. म्हणूनच मी म्हणतो की हे काम कापणीच्या दिवशी करायचंच नाही. आखाजीच्या सुमाराला करायचं, ऊन कडक असतं, रंग तासात वाळतो, पाऊस महिनाभर लांब असतो. एका वर्षी मागची दोन चाकं, पुढच्या वर्षी पुढची दोन. रेडऑक्साईड, पेपर, ब्रश सगळं मिळून एका ट्यूबच्या पैशात येतं.

दुसरा मार्ग सांगणारे म्हणतात, ट्यूबमध्ये ते बाटलीतलं घट्ट औषध ओता, भोक आपोआप बुजतं. काट्याच्या बारीक भोकाला ते चालतं, मी नाही म्हणत नाही. पण जिथे रिमचा पोपडा रोज घासून घासून ट्यूब खातोय तिथे ते किती भोकं बुजवणार? वर नंतर ठिगळ लावायचं म्हटलं तर चिकटत नाही, पंक्चरवाला तोंड वाकडं करतो.

आपल्या पेजवर कृषीचे पदवीधर बरेच आहेत, ते म्हणतील की हवा कमी ठेवलेली बरी, जमीन कमी दाबली जाते. बरोबर आहे. रुंद टायर आणि कमी हवा म्हणजे केळीच्या मुळांना आराम.  १९३२ साली अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे टायर देऊन बाजारात आणले, त्याआधी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असायची. पण कमी हवा म्हणजे पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत कमी. त्याच्याही खाली गेलं तर आपले साधे टायर रिमवर सरकतात, निपल ओढलं जातं, आणि रस्त्यावर ट्रॉली घेऊन जाताना टायरच्या बाजू घडी पडून फाटतात. गळतीने कमी झालेली हवा आणि ठरवून कमी ठेवलेली हवा या दोन गोष्टी एक नाहीत. गळतीची हवा डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी असते.

करपा आणि सीएमव्हीवर आपल्याकडे मेळावे होतात, ठिबकवर होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पालचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे. त्यांनी किंवा कृषी खात्याने उन्हाळ्यात एक दिवस चाकांचा ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. भाषण नको. चार शेतकऱ्यांनी आपले ट्रॅक्टर आणावेत, तिथेच चाकं खोलावीत, आयटीआयच्या पोरांनी आणि गावच्या पंक्चरवाल्याने मिळून करून दाखवावं. महाडीबीटीवर अर्ज करून ट्रॅक्टरला अनुदान मिळतं, पण मिळालेला ट्रॅक्टर कसा सांभाळायचा हे दाखवणारं कोणी नसतं. शोरूममधल्या सर्व्हिसला ऑईल बदलतात, फिल्टर बदलतात, रिमकडे कोणी वाकून बघत नाही. बैलाचे खूर आपण बघायचो, नाल ठोकायच्या आधी नालबंदही खूर साफ करायचा. घाणेरड्या खुरावर नाल ठोकलेला मी तरी कधी बघितला नाही.

रोजचं म्हणाल तर फार नाही. खत वाहिलं, स्लरी सोडली किंवा फवारणी झाली की त्याच दिवशी चाकं दोन्ही बाजूंनी साध्या पाण्याने धुवायची, आतल्या बाजूने विशेष. आपण धुतो ते बॉनेट. रिमचा रंग उडालेला दिसला की तेवढ्यापुरता हात मारायचा. आठवड्यातून एकदा सकाळी मीटर लावायचं. मी आता मीटर सालदाराच्याच हातात दिलंय आणि त्याला सांगितलंय की आकडा कमी दिसला तर ट्रॅक्टर काढायचा नाही, मी ओरडलो तरी नाही. गेल्या आठवड्यात त्याने खरंच काढला नाही. मी चिडलो, मग गप्प बसलो.

डावं चाक रंगवून सव्वापाच महिने झाले. तीच ट्यूब आहे, दोनदा थोडी हवा भरली, तीही थंडी वाढल्यावर. उद्या सकाळी पुढचं उजवं चाक खोलतोय. त्याच्या निपलखाली लाल धार दिसायला लागली आहे.